खो मिळेपर्यंत

‘सुरू’ म्हणायच्या आतच मी खुर्चीतून उठले आणि सुटले.

“अहो काकू, थांबा! मी अजून सुरू म्हटलंच नाही!” हातात घड्याळ धरलेली पोरगी ओरडली.

मी कुठली थांबतेय! शाळेच्या हॉलमध्ये तीन मीटरवर खडूनं रेघ मारली होती. खुर्चीतून उठायचं, रेघेपर्यंत चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. एवढंच. बाकावर बसलेल्या आमच्या सहाजणी टाळ्या पिटत होत्या. “चल सिंधे, चल!” मी रेघेवर गर्रकन वळले, जरा तोल गेल्यासारखं झालं, भिंतीला हात लावला न लावला आणि धपकन खुर्चीत येऊन बसले.

“किती?” मी विचारलं.

“नऊ सेकंद. पण काकू...”

“नऊ! ऐकलंत का गं? शालनला चौदा लागले होते!”

“फाऊल!” मेहरू मुल्ला बाकावरून बोट रोखून ओरडली. “सांगायच्या आधी उठली ही. पोरी, बाद कर हिला. हिची जुनी खोड आहे ती.”

सगळ्या खिदळल्या. ती पोरगी कपाळाला हात लावून म्हणाली, “अहो, ही शर्यत नाहीये! तुम्ही कशा उठता, कशा वळता, ते बघायचंय मला. पडायचा धोका किती आहे, ते तपासतेय मी.”

पण आम्हाला शर्यतीखेरीज दुसरं काही कधी शिकवलंच नव्हतं, त्याला आम्ही काय करणार!

पोरीचं नाव केतकी. सांगलीहून आलेली फिजिओथेरपिस्ट. विट्यातल्या आमच्या कन्याशाळेला साठ वर्षं पूर्ण होत होती. त्या सोहळ्यात खो-खोचा सामना ठरला होता, सदुसष्ट सालचा आमचा संघ विरुद्ध आत्ताच्या शिक्षिका. नऊजणींतल्या आम्ही सातच उरलो होतो. दोघी वर गेल्या, तिथं त्यांनी खांब रोवून ठेवले असतील. मुख्याध्यापिकाबाईंनी अट घातली, की आधी तपासणी करायची. त्यांचंही बरोबरच होतं. बीपी सातहीजणींना, साखर पाचजणींना, गजराच्या हृदयात स्प्रिंग बसवलेली, शालनचे दोन्ही गुडघे बदललेले. कुणाच्याही पिशवीत हात घातला असता तरी गोळ्यांचं पाकीट लागलं असतं.

आणि मेहरू म्हणाली ती खोड खरी होती. सदुसष्ट साली सांगलीला फायनल होती. शेवटचं अर्धं मिनिट राहिलेलं, आम्ही एका गुणानं मागे. मी पाटीवर बसलेली, मेहरू पाठीमागून धावत येतेय, आणि समोरून पळणारी मुलगी अगदी माझ्या हाताशी आली. मला राहवलं नाही. मेहरूनं पाठीवर हात ठेवून ‘खो’ म्हणायच्या आधीच मी उसळले आणि त्या मुलीला धरलं. पंचांची शिट्टी वाजली. फाऊल. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, हा खेळातला पहिला नियम. गडी बाद झाला नाही आणि आम्ही हरलो. तेव्हापासून एकावन्न वर्षं मेहरूनं मला सुखानं जगू दिलं नाही. माझ्या लग्नात, मांडवात, नवऱ्याला काय सांगितलं असेल? “भाऊजी, हिच्याआधी तुम्ही उठत जा.”

तर केतकीनं सगळ्यांना बाकावर बसवलं आणि वही उघडली. “आता खरं सांगा. गेल्या वर्षभरात कोणी पडलंय का? बाथरूममध्ये, अंगणात, पायरीवर? घसरून नाहीतर चक्कर येऊन?”

गजरा बांगड्यांकडे बघायला लागली. शालननं पदर सारखा केला.

“नाही बाई,” मेहरू म्हणाली.

“नाही,” गजरा म्हणाली.

“छे!” सगळ्यात मोठा आवाज माझा. एकतीस वर्षं एसटीच्या तिकीट खिडकीवर काढलीत मी, आवाजाला काय तोटा! “पडायला मी काय म्हातारी आहे?”

सपशेल खोटं बोलले. मी दोनदा पडले होते.

पहिल्यांदा चैत्रात. पलंगावर आडवी होते, दाराची बेल वाजली. मी ताडकन उठून दाराकडे धावले. दाराशी पोचले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. जाग आली तेव्हा गाल फरशीवर, नाकासमोर चपला. पाऊण तास तिथंच पडून होते. बेल वाजवणारा कधीच निघून गेला होता. दुसऱ्यांदा ज्येष्ठात, सकाळी सहाला, बाथरूममध्ये. तेव्हा दंड काळानिळा झाला, महिनाभर कोपरापर्यंत बाह्यांचे ब्लाऊज घातले.

कुणाला सांगायची सोय नव्हती. नवरा गेला तेव्हा माझा विश्वजित, आमचा विशू, म्हणाला होता, “आई, राहा तू विट्यात. पण एकदा जरी पडलीस ना, दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन येतो. मग पुण्याला यायचं, माझ्याकडे. तिथं काही ऐकणार नाही.” पुण्यात त्याचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर. माणसं चांगली आहेत सगळी, सुनेबद्दल एक शब्द बोलणार नाही. पण माझं घर माझं आहे हो. परसात माझा शेवगा, पायरीवर माझी खुर्ची, रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस “काय सिंधूकाकू” म्हणून थांबतो. हे सोडून अकराव्या मजल्यावरून खालच्या गाड्या मोजत बसायचं? त्यापेक्षा गप्प बसणं बरं.

केतकीला माझ्या ‘छे’वर विश्वास बसला नसावा. तिनं मला ग्रंथालयातल्या टेबलावर पाच मिनिटं आडवी केली, बीपी घेतलं. मग उभी करून पुन्हा घेतलं. मला भिंती जरा हलल्यासारख्या वाटल्या, पण मी ओठ घट्ट मिटून उभी राहिले.

“आडवं असताना दीडशे. उभ्यानं एकशे सोळा,” ती हळूच म्हणाली. “काकू, उठल्यावर तुमच्या डोक्याकडे रक्त पोचायला वेळ लागतोय. गोळ्या किती घेता?”

“सकाळी चार, दुपारी एक, झोपताना तीन.”

“त्या सगळ्या पिशवीत घालून तुमच्या डॉक्टरांना दाखवा. मनानं एकही बंद करू नका. आणि उठताना आधी बसायचं, पाय हलवायचे, दहा मोजायचे. मग उभं राहायचं. कितीही घाई असली तरी.”

“दहा मोजेपर्यंत बेल वाजवणारा कऱ्हाडला पोचेल,” मी म्हटलं.

“पोचू दे.”

मग तिनं बॉम्ब टाकला. सामना खेळायचा तर खाली बसायचं नाही, खुर्च्यांवर बसायचं. पळायचं नाही, चालायचं. जी पळेल ती फाऊल. खो मिळाला की उठून उभं राहायचं, मोठ्यानं तीन मोजायचे, मगच पाऊल टाकायचं. चपला बंद, बूट घालायचे.

“खुर्चीवर बसून खो-खो?” गजरा उखडली. “मग हळदीकुंकूच ठेवा की मैदानावर!”

“मी नाही खेळत जा असला खेळ,” मीही तणतणले.

मेहरू तेवढी शांत होती. “मला खेळायचंय,” ती म्हणाली. “खुर्चीवर तर खुर्चीवर. पुढच्या वर्षी कोण असेल, कोण नसेल. शिक्षिकांनाही हेच नियम लाव गं पोरी.”

झालं. दोन आठवडे रोज संध्याकाळी शाळेच्या मैदानात सराव सुरू झाला. काय सांगू तुम्हाला! पहिल्या दिवशी तोंड वाकडं करून गेलेल्या आम्ही, तिसऱ्या दिवशी एकमेकींवर तुटून पडत होतो. “एक-दोन-तीन काय भरभर म्हणतीस, नीट म्हण!” “शालन पळाली! पळाली! दोन्ही पाय उचलले तिनं!” गजराच्या सुना बघायला यायच्या आणि पोट धरून हसायच्या. मी बाजारातून पांढरे बूट आणले, रात्री उशाशी ठेवून झोपले. सदुसष्टाव्या वर्षी माझ्या अंगात पुन्हा सोळावं वर्ष आलं होतं. डॉक्टरांकडे गोळ्यांची पिशवी न्यायची मात्र राहून गेली.

सामन्याच्या दिवशी मैदान फुलून गेलं होतं. शाळेच्या पोरी कुंपणावर चढून बसलेल्या, ताशा आणलेला. आणि पुण्याहून विशू आला होता, बायकोला घेऊन. मोबाईल उगारून पाटीच्या अगदी टोकाला उभा. “आई, पूर्ण व्हिडिओ काढतोय!” त्याला बघून आनंद झाला आणि मी बुटांच्या नाड्या पुन्हा करकचून बांधल्या. आज सगळ्यांदेखत पडले, तर उद्या गाडी.

शिक्षिकांनी पहिल्या डावात आमचे सात गडी टिपले. तरण्याताठ्या बाया त्या, चालल्या तरी आमच्या दुप्पट. पण आमची बारी आली आणि मेहरूनं काय डोकं लढवलं म्हणता! ती सरळ कधी जायचीच नाही. डावीकडे बघायची, उजवीकडच्या खुर्चीला खो द्यायची. मराठीच्या बाई तिच्या तोंडाकडे बघत असताना गजरानं पाठीमागून त्यांना अल्लद टिपलं. मैदान नुसतं दणाणलं. तीन, चार, पाच. मी दोघींना बाद केलं, सांगायला हरकत नाही. सहा!

“शेवटचं अर्धं मिनिट!” केतकी ओरडली.

सात-सहा. एका गुणानं मागे. मी पाचव्या खुर्चीवर होते. पुन्हा तेच, पाठीमागून मेहरू येत होती आणि समोरून मुख्याध्यापिकाबाई. खो शालनला मिळणार असं समजून त्या तिच्यावर नजर ठेवत मागे मागे सरकत माझ्याकडेच पाठ करून आल्या. एक हात. अर्धा हात. नुसती उठून हात लांब केला असता तरी त्यांचा पदर माझ्या मुठीत होता. बरोबरी!

“सिंधू, उठ!” गजरा किंचाळली. “उठ!” “काकू, उठा!” कुंपणावरच्या पोरी, ताशा, सगळं मैदान ‘उठ’ म्हणत होतं. माझे गुडघे आपोआप ताठायला लागले.

तेवढ्यात खांद्यावर हात पडला. मेहरूचा हात. मी ‘खो’ची वाट बघितली. खो आला नाही.

दुसरा हात पडला, दुसऱ्या खांद्यावर. दोन्ही हात जडशीळ, घामानं ओले, थरथरणारे. तिनं सगळा भार माझ्यावर टाकला होता.

“सिंधे,” कानाशी आवाज आला, “मला काही दिसंना गं.”

खुर्ची प्लास्टिकची, हलकी. माझ्या वजनावर तेवढी थांबलेली. मी उठले असते तर खुर्ची गेली असती आणि खुर्चीबरोबर मेहरू. मी पाय जमिनीत रोवले, तिचे दोन्ही हात खांद्यांवर दाबून धरले.

“टेक माझ्यावर. मी हलत नाही,” मी म्हटलं. आणि मग तिकीट खिडकीवरचा सगळा आवाज काढून ओरडले, “केतकी! पळत ये!”

मुख्याध्यापिकाबाई निघून गेल्या. शिट्टी झाली. आम्ही हरलो, पुन्हा एका गुणानं. केतकीनं आणि शालननं मेहरूला अलगद खाली बसवलं. बोटाला सुई टोचून साखर बघितली, तर चोपन्न. साखरेवरची गोळी घेतलेली आणि सकाळपासून पोटात नुसता बिनसाखरेचा चहा. सामन्याच्या आनंदात बाई जेवलीच नव्हती! केतकीनं साखरपाणी पाजलं. हळूहळू मेहरूच्या डोळ्यांत ओळख आली. तिनं माझ्याकडे बघितलं.

“सिंधे, आज फाऊल नाही केलास,” ती म्हणाली.

मला हसू आलं आणि रडूही आलं. मी तिचा हात धरून तिथंच मातीत बसले.

“मेहरूकाकू,” केतकीनं विचारलं, “असं याआधी झालंय का कधी? पडला होतात का?”

“नाही गं पोरी,” मेहरू म्हणाली. म्हणताना तिचा हात कमरेशी गेला. मी तो हात बघितला. माझाही दंडाशी असाच जात होता, महिनाभर. ही बाई बाजारपेठेत एकटी राहते, बांगड्यांचं दुकान चालवते. पडले म्हणून सांगितलं तर मुलगी दुकानाला कुलूप लावून मिरजेला घेऊन जाईल, हे मला न सांगता कळत होतं. आणि सांगितलं नाही, तर पुढच्या वेळी तिच्यासमोर खुर्ची नसेल, मी नसेन.

विशू पाच हातांवर उभा होता. मोबाईल अजून चालूच.

“मी पडलेय,” मी म्हटलं.

केतकीनं वर बघितलं.

“दोनदा. एकदा बेल वाजली म्हणून, एकदा बाथरूममध्ये. पाऊण तास दाराशी पडून होते. लिही पोरी तुझ्या वहीत.”

विशूचा हात खाली आला. मी त्याच्याकडे बघितलं नाही, हिंमतच नव्हती. मी मेहरूकडे बघत होते.

“तीनदा,” मेहरू म्हणाली.

“माझं एकदाच,” शालन म्हणाली, “पण टाके पडले. घरी सांगितलं, कपाटाचं दार लागलं.”

“पाच,” गजरा म्हणाली. तिच्या दोन्ही सुना तिच्याकडे बघतच राहिल्या. “घरात अकरा माणसं आहेत माझ्या. पाच वेळा पडले आणि पाचही वेळा माझी मी उठले. कुणाला कशाला त्रास?”

बाकीच्या तिघींनीही सांगून टाकलं. सातजणींचं मिळून चौदा वेळा. केतकी लिहीत होती आणि नाक पुसत होती. मग डोळे वटारून म्हणाली, “उद्यापासून एकेकीच्या घरी येणार मी. बाथरूम, पायऱ्या, उजेड, सतरंज्या, सगळं बघणार. बेल वाजली तरी बसून दहा मोजल्याशिवाय कोणी उठायचं नाही. आणि गोळ्यांच्या पिशव्या घेऊन सगळ्यांनी डॉक्टरांकडे जायचं. कोणी न येऊन दाखवा!”

संध्याकाळी घरी आलो. सून चहा करत होती. विशू दाराशी गेला, मी पडले होते तिथं उभा राहिला. मग बाथरूममध्ये गेला, भिंतीवर हात फिरवून आला.

“मला का नाही सांगितलंस?”

“तू गाडी आणली असतीस.”

“पाऊण तास, आई!”

“हो.”

“मी घाबरवलं म्हणून तू गप्प बसलीस,” तो म्हणाला, आणि परसात निघून गेला. मी रात्री अंथरुणावर पडून मनातल्या मनात सामान बांधलं. दोन लुगडी, गोळ्या, बूट. शेवग्याला पाणी कोण घालेल, ते काही सुचेना.

सकाळी उठले तर अंगणात गाडी नव्हती. सून म्हणाली, तो सातलाच बाहेर गेला. गाडीत पेट्रोल भरायला गेला असेल, झालं, निघायचं. मी पलंगाच्या कडेला बसले. आणि बेल वाजली.

माझं अंग उसळलं. बेल वाजली की उसळायचं, त्याला आता इलाज नाही. पण तेवढ्यात बंद दाराबाहेरून ओरडणं ऐकू आलं.

“आई, उठू नकोस! बस तशीच! मी खो देईपर्यंत उठायचं नाही!”

आणि तो मोठ्यानं मोजायला लागला. एक. दोन. शेजारच्या बाई खिडकीत आल्या असतील. तीन. चार. मी पाय हलवायला लागले. पाच, सहा. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण अंधारी नव्हती. सात, आठ, नऊ, दहा.

“खो!”

मी उठले. सावकाश दाराशी गेले आणि कडी काढली. बाहेर माझा लेक उभा होता, त्याच्यामागे पिशवी खांद्यावर घेतलेला गवंडी, आणि लेकाच्या दोन्ही हातांत स्टीलच्या दोन लांब दांड्या.

“बाथरूममध्ये लावायच्यात,” तो म्हणाला. “एक आत, एक दारापाशी.”

“आणि पुण्याचं?”

“पुण्यातही दोन लावतो. दिवाळीला येशील तेव्हा लागतील.”

त्याला आता आठ वर्षं झाली. डॉक्टरांनी पिशवी बघून एक गोळी काढली, दुसरी अर्धी केली. मेहरूचं दुकान चालू आहे, आणि जेवल्याशिवाय गोळी घेतली तर मी तिला फोनवर सोलून काढते. दारावर मी पाटी लावलीय, “बेल वाजवा आणि दहा मोजा. घाई असेल तर उद्या या.” पोस्टमन मोजतो, दूधवाला मोजतो. विशू पुण्याहून आला की अजूनही मोठ्यानं मोजतो, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा.

आणि मी पलंगाच्या कडेला बसून राहते, खो मिळेपर्यंत.